दुरुस्तीला येणार असशील तर येऊ नको

आमच्या पाटोद्यात माणूस आजारी पडला की आजार परवडतो, पण भेटायला येणारे परवडत नाहीत. आजार निदान एका जागी बसून राहतो. भेटायला येणारे सकाळी दूधवाल्याच्या पाठोपाठ सुरू होतात ते दिवेलागणीपर्यंत. येताना केळी आणि बिस्किटांचे पुडे आणतात, जाताना एकेक सल्ला ठेवून जातात. केळी दोन दिवसांत काळी पडतात, शेळीला घालता येतात. सल्ल्यांचं काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. हे मी तोऱ्यात लिहितोय खरा, पण या सगळ्या मंडळींचा म्होरक्या मीच होतो.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. गावात त्याला मोटार भरणं म्हणतात. विहिरीवरची नाहीतर बोअरमधली मोटार जळाली की शेतकरी ती गाडीवर आडवी टाकून माझ्याकडे आणतो. मी ती खोलतो, जळकी तार छिन्नीनं तोडून काढतो, नवी तांब्याची तार भरतो, वॉर्निश मारतो, वाळवतो आणि देतो. तीस वर्षं झाली. जी वस्तू माझ्या हाताखालून गेली ती चालू होऊनच गेली, असा माझा गर्व आहे, आणि बायकोच्या मते माझ्यात गर्वाशिवाय दुसरं काही नाही.

माझ्या दुकानाला लागून, एकाच पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या मित्राचं मोटारसायकलचं गॅरेज होतं. गाव त्याला उस्ताद म्हणायचं आणि मला मिस्तरी. आम्हीही एकमेकांना तेच म्हणायचो. त्याला जाऊन आता दीड वर्ष झालं. तीस वर्षांत आमचं रोज भांडण झालं, ईदला आणि बुद्धपौर्णिमेलासुद्धा, कारण त्या दिवशी एकमेकांच्या घरी जेवायला जावं लागायचं आणि तिथं भांडायला जास्त वेळ मिळायचा.

त्याची काम करायची तऱ्हा माझ्या डोक्यात जायची. गाडी आली की हा पान्याला हातच लावायचा नाही. गाडी चालू करायचा, शेजारी एका जुन्या टायरवर बसायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा आणि मूठ कानाला लावायचा. डोळे मिटून ऐकत बसायचा. गाडीवाला बिचारा सांगायला जायचा, की उस्ताद, चढावर दम टाकती, धूर मारती, तर याचं एकच उत्तर, "तू गप. तिला बोलू दे." चहा येऊन गार व्हायचा तरी याचं ऐकणं संपायचं नाही. तेवढ्या वेळात मी अर्धी मोटार सोलून काढलेली असायची.

एके वर्षी उन्हाळ्यात त्याच्या हातातून दहाचा पाना सुटायला लागला. आधी मी त्याला हसलो. मग अंगठ्याजवळचं मांस वाळल्यागत दिसायला लागलं, मग चालताना पाय घासायला लागला. पोरीनं आणि जावयानं मोठ्या शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या करून सरळ सांगितलं की नसांचा आजार आहे, याला औषध नाही. हळूहळू हात जातील, पाय जातील, मग बोलणं, मग श्वास. डॉक्टर भला असावा. खोटं बोलला नाही, याचा मला मात्र फार राग आला.

शहरातून आला त्या दिवशी तो घरी न जाता आधी शेडमध्ये आला. टायरवर बसला. मी चहा सांगितला. तो म्हणाला, "मिस्तरी, एक बोलायचंय. मला लई..."

"काय होत न्हाई तुला!" मी ओरडलोच. "डॉक्टरला काय कळतंय? आमच्या मामाच्या गावात एकाला असंच झालतं, आज नांगर हाकतोय." असा कुणी माणूस नव्हता. माझ्या मामाच्या गावात नांगर हाकणारं आता ट्रॅक्टरशिवाय कुणी उरलेलं नाही. पण मी सांगत सुटलो आणि उस्ताद चहा पीत ऐकत राहिला. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं.

मग सुरू झालं भेटणाऱ्यांचं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्याचं वांगं बंद केलं. दुसऱ्यानं दही. तिसरा म्हणाला भातानं वात होतो, भात बंद. चौथ्यानं रोज पायांचं सूप सांगितलं, पाचव्यानं मटणाला शिवायचं नाही म्हणून बजावलं. शेंगदाणे गेले, गूळ गेला, केळी तर केळी आणणाऱ्यानंच बंद केली. भाभी, म्हणजे उस्तादची बायको, रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "भैया, पकाऊं तो क्या पकाऊं?" उस्ताद बाजेवरून म्हणाला, "समद्यांचं ऐकलं तर सकाळी हवा आन संध्याकाळी पानी. त्यात गार पानी बंद."

मी याच्यावर हसलो आणि दुसऱ्याच दिवशी त्याला गाडीवर बसवून पाली गावाच्या पुढं एका जडीबुटीवाल्याकडे घेऊन गेलो. त्यानं काळ्या तेलाची बाटली दिली. वास घेतला तर हुबेहूब माझ्या दुकानातलं वॉर्निश. येताना धरणाजवळ थांबलो. उस्ताद पाण्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "मिस्तरी, बोलनं जातंय म्हणला डॉक्टर. ते जायच्या आत तुला एक सांगायचंय. दुसऱ्या कुनाला न्हाई सांगता येत. घरात बोललं की बायको रडती, पोरगी रडती."

"आधी हे तेल लाव," मी म्हणालो, "मग बोलशील काय, गाणी म्हणशील."

तो माझ्याकडे बघून हसला. आज मला ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पुढचे दोन दिवस त्याच्या अंगाला माझ्या दुकानाचा वास येत होता, एवढाच त्या तेलाचा गुण.

चार-सहा महिन्यांत तो बाजेला खिळला. भाभीला त्याला उचलून खुर्चीत बसवणं जमेना. झालं, मला काम मिळालं! माझ्या दुकानात जड मोटारी उचलायची चेन-कप्पी आहे. ती मी त्याच्या घरात छताच्या लोखंडी चॅनेलला टांगली. आता माणूस उचलायचा म्हणजे झोळी हवी. झोळीला मजबूत कापड हवं. आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सइतकं मजबूत काहीच मिळत नाही, उन्हातान्हात वर्षभर टिकतं. चौकातला एक जुना फ्लेक्स मी उतरवून आणला, दुहेरी शिवला, कडांना लोखंडी कड्या लावल्या. पुढाऱ्याचं हसरं तोंड नेमकं बुडाखाली आलं. उस्ताद म्हणाला, "चला, एवढ्या वर्षांत कामाला तर आला."

मी साखळी ओढायला लागलो. झोळी उचलली गेली, उस्ताद वर गेला, एक फूट, दोन फूट, छातीइतका. आणि कप्पीत साखळीची कडी आडवी अडकली. वर जाईना, खाली येईना. मी मोटारी उचलतो तेव्हा असं झालं तर मोटार लटकत ठेवून चहा पिऊन येतो. इथं उस्ताद होता. तो तिथं हळूहळू गोल फिरत होता. एका फेरीत भाभीकडे तोंड, एका फेरीत भिंतीकडे.

तेवढ्यात दारात शिरूर कासारहून भाभीचा भाऊ उभा राहिला. हातात केळी. आत येऊन बघतो तर उस्ताद हवेत आणि त्याच्या खाली हात जोडलेला पुढारी. दुसरा कुणी असता तर धावून आला असता. पण भेटायला आलेला माणूस भेटायलाच आलेला असतो. उस्ताद फिरत फिरत त्याच्या समोर आला तेव्हा म्हणाला, "आओ भाई, बैठो. मी जरा वर हाय."

आणि तो बसला हो! खुर्ची ओढून बसला, केळी मांडीवर ठेवली, मान वर करून विचारलं, "तबियत कैसी है?" उस्ताद भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ठीक है." मग उस्ताद फिरून येईपर्यंत मेव्हणा थांबला आणि त्यानं सांगितलं, "बैंगन बिलकुल बंद करो."

उस्तादला हसू फुटलं. झोळी गदागदा हलायला लागली. भाभी तोंडाला ओढणी लावून भिंतीला टेकली. मी शिडीवर चढून, हातोडी मारून, घाम गाळून पंधरा-वीस मिनिटांनी कडी सोडवली, तर साखळी एकदम सुटली आणि उस्ताद बाजेवर धाडकन आला. लागलं नाही, गादी होती. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मेव्हणा केळी ठेवून गेला, भाभी चहाला आत गेली, आणि उस्तादचं हसणं थांबलं ते थांबलंच.

"मिस्तरी," तो म्हणाला. तेव्हा त्याचं बोलणं जड व्हायला लागलं होतं, शब्द चिखलातून पाय काढल्यागत यायचे. "तुझ्याकडं मोटार कशी येती?"

"कशी म्हंजे? जळून येती."

"जळकी मोटार आवाज करती का?"

"न्हाई."

"म्हणून तुला ऐकायची सवय न्हाई. आल्या आल्या छिन्नी घालतोस. मी अजून चालू हाय बे. खडखड लई करत असंन, पन चालू हाय." दम घेऊन तो पुढं म्हणाला, "दुरुस्तीला येणार असशील तर येऊ नको."

मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो, त्याला लांबून यावं लागत नाही. मी कप्पी उतरवली, खांद्यावर टाकली आणि चहा न पिता निघालो. आठ दिवस गेलो नाही. दुकानात शेजारचं शटर खाली, टायर आतमध्ये, भांडायला कुणी नाही. त्या आठवड्यात मी तीन शेतकऱ्यांवर विनाकारण ओरडलो. एकजण म्हणाला, "मिस्तरी, मोटार जळली ती माझी, तुमी कावून तापले?"

माझी बायको मात्र रोज दुपारी उस्तादच्या घरी जायची. तासभर बसून यायची. मी एकदा खोचून विचारलं, "काय करतीस गं तिथं एवढा वेळ?"

"काय न्हाई. बसते."

"नुसती?"

"नुसती. भाभी बोलल्या तर ऐकते, न्हाई बोलल्या तर बसते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाला न्हाई जमायचं ते."

हे मात्र जिव्हारी लागलं. जे काम माझी बायको करते ते मला जमणार नाही? मी दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं आणि ताठ मानेनं उस्तादच्या दारात गेलो. करुणा वगैरे काही नाही, शुद्ध अहंकार.

उस्तादनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "खिशात काय हाय?"

"टेस्टर."

"बाहेर ठेव."

मी टेस्टर भाभीकडे दिला. तेव्हापासून तो नियमच झाला. दारात चपला काढायच्या, भाभीला टेस्टर द्यायचा, मग आत.

नुसतं बसणं ही काय चीज आहे हे तोवर मला माहीतच नव्हतं. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की पंखा टक-टक वाजतोय, बाजेचा एक पाय आखूड आहे, दाराची बिजागरी कोरडी आहे आणि स्विचबोर्डाचा एक स्क्रू गायब आहे. हात शिवशिवायला लागले. मी ते मांड्यांखाली दाबून बसलो. उस्ताद डोळे मिटून पडलेला, पण ओठांच्या कोपऱ्यात मजा बघत होता. तोंडाशी सल्ला यायचा, मी गिळायचो. पुन्हा यायचा, पुन्हा गिळायचो. मूग गिळून बसणं म्हणतात, मी पोतंभर मूग गिळले असतील.

पंखा मी अकरा दिवस सोसला. बाराव्या दिवशी उस्तादच म्हणाला, "जा, घे तुझा टेस्टर. कर पंखा. न्हाईतर माझ्या आधी तुझा जीव जाईल." स्टूलवर चढून पंख्याचा कप घट्ट केला तेव्हा मला दिवाळी झाल्यासारखं वाटलं. उतरलो तर म्हणाला, "आता उद्यापासून काय सोसशील?"

एकदा माशी त्याच्या नाकावर बसली. त्याला हात हलवता येत नव्हता. मी उठणार तेवढ्यात थबकलो, की हीसुद्धा दुरुस्तीच झाली का? त्यानं डोळे वटारले आणि जड जिभेनं एवढंच म्हणाला, "माशी हाण बे, येड्या." म्हणजे यातही अक्कल लागत होती. माशी हाणायची आणि आजाराला हात लावायचा नाही. मला हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

लहानपणी वडील मला विहारात घेऊन जायचे. तिथं पहिलीच गोष्ट शिकवत, की दुःख आहे. मग त्याचं कारण आहे, मग त्यावर उपाय आहे. मी पोरवयापासून मिस्तरी डोक्याचा. पहिली ओळ ऐकली न ऐकली की मी उपायावर उडी मारायचो. पहिल्या ओळीवर थोडा वेळ बसायचं असतं, ते तिथं बाजेशेजारी खुर्चीत बसून पहिल्यांदा समजलं. वडील असते तर म्हणाले असते, आता कळून काय उपयोग, पालथ्या घड्यावर पाणी.

भेटायला येणारे येतच होते. येणारा प्रत्येक जण दारातून एकच म्हणायचा, "काय होत न्हाई तुला, उस्ताद." आणि मला दर वेळी धरणाजवळचा मी दिसायचा. दुपारचे दोन-तीन तास मी रोज बसायचो. तो बोलला तर ऐकायचो. बोलणं रोज कमी होत होतं. आधी लांब वाक्यं गेली, मग वाक्यं गेली, मग शब्दांचे तुकडे उरले, ते फक्त भाभीला आणि मला कळायचे. मी मनात घाबरलो होतो, की ते जे सांगायचं होतं ते आता राहूनच जाणार. विचारावं तर कसं? "उस्ताद, ते तुझं अर्धं राहिलेलं बोल" असं सांगून कुणी बोलतं का? दोनदा मीच त्याचं तोंड बंद केलं होतं, शहरातून आला त्या दिवशी आणि धरणावर, आणि कप्पीच्या दिवशी तर उठूनच गेलो होतो. आता माझी बारी फक्त थांबायची होती.

एका दुपारी भाभी रेशनच्या दुकानात गेली होती. लाईट नव्हती. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती, आणि उस्ताद कान देऊन ऐकत होता. मग गाडी चालू होऊन निघून गेली. घर एकदम शांत झालं. उस्तादनं मान माझ्याकडे वळवली, तेवढी अजून वळायची. ओठ हलले. मी पुढं झुकलो. पहिल्यांदा नुसता श्वासच आला. तो थांबला, पुन्हा जुळवाजुळव केली. एकेक शब्द सांडत, अडखळत आला.

"मला... लई... भेव वाटतंय."

माझ्या तोंडाशी काय काय आलं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. काय होत न्हाई तुला. अल्ला हाय ना. संभाजीनगरला एक नवा डॉक्टर आलाय. देवळाच्या मागं एक बाबा हाय. मामाच्या गावचा तो नांगरवाला सुद्धा आला. सगळे दाराशी गर्दी करून उभे राहिले. मी एकालाही बाहेर सोडलं नाही. हात पुन्हा मांड्यांखाली दाबले.

"मला बी," मी म्हणालो.

त्याच्या भुवया वर गेल्या. त्या अजून चालत होत्या. "तु... ला... कावून?"

"तू जानार म्हणून," मी म्हणालो. तीस वर्षांत त्याच्याशी एवढं सरळ मी कधी बोललो नव्हतो. "शेडात मी एकटा काय करू? मला लई भेव वाटतंय उस्ताद. रोज वाटतंय." आणि मी, पाटोद्याचा मिस्तरी, त्याच्या बाजेच्या कडेला डोकं टेकून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागलो. रडायला तो पाहिजे होता, रडत होतो मी. त्याचेही डोळे वाहत होते, पण तो माझ्याकडे असा बघत होता की जणू अंगावरचं मोठं ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूनं धरलंय. किती वेळ तसे होतो माहीत नाही. त्याचा श्वास सावकाश झाला. कपाळावरची आठी गेली.

भाभी पिशवी घेऊन आत आली ती दारातच थांबली. तिच्या हातातून पिशवी सुटली. "या अल्ला! क्या हुआ? क्या हुआ इनको?"

उस्तादनं मान हलवली. मग त्यानं आख्खी ताकद गोळा केली. भाभी वाकली, मी डोळे पुसत वाकलो. दर शब्दाला दम घेत, ओठांच्या कोपऱ्यात हसू धरून त्यानं तिला सांगितलं,

"मिस्तरीला... भेव वाटलं. मी... बसलो... जवळ."

भाभीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग आत गेली, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला.